इंडियाना, १९८७ : न आवडलेल्या रेषेवरचं विजेतेपद

३० मार्च १९८७ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये इंडियाना विद्यापीठाने सिरॅक्यूज विद्यापीठाला ७४-७३ असं हरवलं आणि अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत तीन गुणांची रेषा देशभर लागू झाल्यानंतरचा हा पहिलाच हंगाम होता. स्कोअरशीटवर इंडियानाचे ३० बास्केट दिसतात, त्यातले ७ रेषेबाहेरून. सिरॅक्यूजचे २९, त्यातले ४ रेषेबाहेरून. हीच शीट आदल्या वर्षीच्या नियमाने मांडली, म्हणजे लांबून टाकलेल्या बास्केटलाही दोनच गुण दिले, तर इंडियानाचे ६७ होतात आणि सिरॅक्यूजचे ६९.

हिशेब सोपा आहे आणि फसवाही. नियम वेगळा असता तर खेळाडू वेगळ्या जागी धावले असते, बचाव वेगळा लागला असता, शेवटच्या मिनिटात कोणाला फाउल करायचा हेही बदललं असतं. ‘रेषा नसती तर सिरॅक्यूज जिंकलं असतं’ असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण या सामन्याची गंमत आणखी एका गोष्टीत आहे. इंडियानाचे प्रशिक्षक बॉब नाइट या नियमाच्या उघड विरोधात होते. त्यांच्या संघाने त्या हंगामात देशाच्या सरासरीपेक्षा कमी वेळा लांबून शॉट घेतले. आणि ज्या दोन संघांनी नव्या रेषेला मनापासून मिठी मारली होती, ते दोन्ही संघ त्याच शहरात दोन दिवस आधी, उपांत्य फेरीत गारद झाले होते.

रेषेने कॉलेज बास्केटबॉलचं काय केलं, हे समजून घ्यायला मला हे प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. ते ‘लांबून मारा, जास्त गुण मिळवा’ एवढ्या सरळ उत्तरात बसत नाही.

रेषा कशासाठी आणली

तीन गुणांची कल्पना कॉलेजवाल्यांची नव्हे. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचे एब सॅपरस्टीन यांनी १९६१ मध्ये आपल्या अल्पजीवी व्यावसायिक लीगमध्ये ती वापरली, १९६७ पासून एबीए या व्यावसायिक लीगने तिला लोकप्रिय केलं आणि १९७९-८० च्या हंगामात एनबीएने ती स्वीकारली. कॉलेजमध्ये पहिला प्रयोग सदर्न कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटाने केला. २९ नोव्हेंबर १९८० रोजी वेस्टर्न कॅरोलायनाच्या रॉनी कारने २२ फुटांच्या रेषेबाहेरून कॉलेजचा पहिला थ्री, म्हणजे तीन गुणांचा बास्केट, टाकला. त्यानंतर काही वर्षं जो तो आपापली रेषा आखत होता. १९८२-८३ मध्ये एसीसी या मातब्बर गटाने तर १७ फूट ९ इंचांवर, म्हणजे सुमारे ५.४ मीटरवर रेषा ओढली. इतक्या जवळून तीन गुण देणं म्हणजे खिरापत वाटण्यासारखंच होतं.

कॉलेजवाल्यांना रेषा हवीशी वाटू लागली त्याला कारण होतं. कॉलेजमध्ये झोन बचावाला मुभा होती, एनबीएत त्या काळी नव्हती. म्हणजे पाचही बचावपटू रिंगभोवती कोंडाळं करून उभे राहिले तरी चालायचं. त्यात शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट घेण्याची सक्ती, नाही. सव्वासात फुटांहून उंच राल्फ सॅम्पसनसारखा सेंटर समोर असेल तर आत जाणं अवघड, आणि बाहेरून मारून मिळणार दोनच. मग काय, चेंडू हातात धरून उभं राहायचं! मार्च १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि सॅम्पसनचं व्हर्जिनिया यांच्यातला एसीसीचा अंतिम सामना ४७-४५ असा संपला. नॉर्थ कॅरोलायनाच्या संघात त्या वेळी मायकल जॉर्डन होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या गुणसंख्येतला कंटाळा कळतो.

१९८५-८६ मध्ये ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं आणि पुढच्याच वर्षी रेषा आली. नियम समितीचे सचिव एड स्टाइट्स हे रेषेचे मुख्य पुरस्कर्ते. ते स्प्रिंगफील्ड कॉलेजचे; म्हणजे जिथे जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ शोधला त्याच संस्थेचे. (आपल्याकडचा धागाही तिथूनच येतो. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की नागपाड्याचं मस्तान वायएमसीए आठवतं, ते याच परंपरेतलं.)

अंतर ठरलं १९ फूट ९ इंच, सुमारे ६.०२ मीटर. हा आकडा विचित्र वाटतो, पण कोर्टवर उभं राहिलं की उलगडतो. बेसलाइनपासून, म्हणजे रिंगमागच्या कडेच्या रेषेपासून, फ्री थ्रोची (फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटची) रेषा १९ फुटांवर असते. तिच्यावरच्या वर्तुळाची त्रिज्या ६ फूट, म्हणजे वर्तुळाचा माथा २५ फुटांवर आला. रिंगचा मध्य बेसलाइनपासून सव्वापाच फूट आत असतो. वजाबाकी करा: बरोबर १९ फूट ९ इंच. नवी रेषा आधीपासून रंगवलेल्या वर्तुळाच्या माथ्याला नेमकी टेकत होती. कॉलेजचे गार्ड, म्हणजे बाहेरून खेळणारे खेळाडू, वर्षानुवर्षं जिथून सराव करायचे ती ही जागा. त्यांना नवीन काही शिकायचं नव्हतं, जुन्याच शॉटला आता दीडपट भाव मिळणार होता.

नाइट आणि त्यांच्यासारखे अनेक प्रशिक्षक चिडले ते याचमुळे. खेळ म्हणजे स्क्रीन लावून (सहकाऱ्यामागच्या बचावपटूची वाट अंगाने अडवून), पास फिरवून, बचाव फोडून चांगला शॉट मिळवणं, अशी त्यांची धारणा. दूर उभं राहून मारलेल्या शॉटला बक्षीस कशाला? विरोध तात्त्विक होता आणि माझ्या मते त्यात काही प्रमाणात तथ्यही होतं. पण मोसम सुरू झाला तेव्हा नाइट यांच्याच संघात या बक्षिसाचा सगळ्यात मोठा हक्कदार बसला होता.

अल्फर्डचे ५०८ शॉट

स्टीव्ह अल्फर्ड इंडियाना राज्यातल्या न्यू कॅसल गावचा. वडील सॅम अल्फर्ड शाळेच्या संघाचे प्रशिक्षक, आणि या गावाची शाळकरी जिम त्या काळी नऊ हजारांहून जास्त माणसं मावणारी. या राज्यात बास्केटबॉल म्हणजे काय असतं हे सांगायला एवढं पुरे. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये नाइट यांच्याच हाताखाली त्याने सुवर्णपदक मिळवलं होतं. १९८६-८७ हे त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष.

नाइट यांच्या मोशन आक्रमणात गार्ड एका जागी थांबत नाही. सहकाऱ्यांनी लावलेल्या स्क्रीनना घासून तो सतत पळत राहतो आणि बचावपटू स्क्रीनमध्ये अडकला की क्षणभर मोकळा होतो. अल्फर्ड हे तीन वर्षं करत आला होता. त्याचे कितीतरी शॉट आधीच अठरा-वीस फुटांवरून जायचे. रेषा आली आणि त्यातले काही आपोआप तीन गुणांचे झाले. म्हणजे रेषेचा विरोधक असलेल्या प्रशिक्षकाची पद्धत रेषेसाठी जणू आधीच तयार होती. याला दूरदृष्टी म्हणायचं की योगायोग? मी योगायोगाच्या बाजूने.

आता त्याच्या त्या हंगामाचे आकडे पाहा. ५०८ शॉट, त्यातले २४१ आत. यातले रेषेबाहेरून २०२ पैकी १०७, म्हणजे ५३ टक्के. उरलेले रेषेच्या आतले किती? ३०६ पैकी १३४. जेमतेम ४४ टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वजाबाकी करून पाहिले तेव्हा चुकलं की काय म्हणून पुन्हा पडताळले. देशातला सर्वोत्तम नेमबाज जवळून जितका चुकत होता त्यापेक्षा लांबून कमी चुकत होता. एका शॉटमागे किती गुण पडले ते काढलं तर चित्र आणखी झोंबतं: रेषेबाहेर १.५९, रेषेच्या आत ०.८८. आणि तरीही त्याने साठ टक्के शॉट रेषेच्या आतूनच घेतले.

आजच्या कोणत्याही संघात लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात कोचच्या टेबलावर कागद ठेवला असता: याला दोन पावलं मागे घ्या. १९८७ मध्ये असा कागद कोणी ठेवत नव्हतं. टक्केवारी पाहायची सवय एकूण बास्केटची होती आणि त्या मापाने अल्फर्ड घसरलेलाच दिसत होता, कारण आदल्या वर्षी त्याची एकूण नेमबाजी ५५ टक्क्यांच्या वर होती, ती ४७ वर आली. सामन्यामागे सरासरी गुण मात्र जवळपास तेवढेच, २२.५ चे २२.

एक सावधगिरी इथे घ्यायला हवी. बाहेरून ५३ टक्के पडत होते कारण तो बाहेरून मोकळा असतानाच मारत होता. दुप्पट वेळा मारायला लागला असता तर त्यातले निम्मे शॉट बचावपटूचे हात तोंडावर आलेले असताना गेले असते आणि टक्केवारी उतरली असती. किती, ते कोणी सांगू शकत नाही. पण १.५९ आणि ०.८८ यांच्यातली दरी इतकी रुंद आहे की बरीच घसरण होऊनही फायदा उरला असता.

संघाचं चित्रही असंच. इंडियानाने ३४ सामन्यांत २५६ थ्री मारले, त्यातले १३० आत गेले: ५०.८ टक्के. इतकी टक्केवारी राखून कॉलेजच्या पहिल्या श्रेणीतल्या कोणत्याही संघाने हंगाम संपवल्याची नोंद नाही. १३० पैकी १०७ एकट्या अल्फर्डचे. पण सामन्यामागे प्रयत्न फक्त साडेसात, देशाची सरासरी ९.२ असताना. तुलनेसाठी त्याच राज्यातला दुसरा मुलगा घ्या. इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठाचा डॅरिन फिट्झजेराल्ड, उंची ५ फूट ९ इंच. त्याने त्या हंगामात १५८ थ्री टाकले. नाइट यांच्या अख्ख्या संघापेक्षा २८ जास्त. त्याचा हा विक्रम मोडायला २००८ साल आणि डेव्हिडसन कॉलेजचा स्टेफन करी यावा लागला.

देशभराचा हिशेबही सांगतो की रेषेचा अर्थ पहिल्या वर्षी फार थोड्यांना कळला. त्या हंगामात थ्रीची राष्ट्रीय टक्केवारी होती ३८.४. म्हणजे प्रत्येक थ्रीमागे १.१५ गुण. दोन गुणांच्या शॉटने तेवढं मिळवायचं तर ५७ टक्क्यांहून जास्त नेमबाजी हवी, आणि ती रिंगखालच्या शॉटशिवाय शक्य नाही. सोनं रस्त्यावर पडलं होतं आणि बहुतेक संघ सामन्यात जेमतेम नऊ वेळा वाकत होते.

ज्यांनी वाकायचं ठरवलं

अपवाद होते. प्रॉव्हिडन्स कॉलेजचा संघ दोन वर्षांपूर्वी ११ जिंकून २० हरला होता. तरुण प्रशिक्षक रिक पिटिनो आले, त्यांनी रेषेकडे पाहिलं आणि गार्डांना सांगितलं की मारा. १९८६-८७ मध्ये प्रॉव्हिडन्सने ६६५ थ्री घेतले, २८० टाकले. सामन्यामागे आठाहून जास्त, देशात सर्वाधिक. बिली डॉनोवन हा त्यांचा मुख्य गार्ड. त्याच्या जोडीला डेलरे ब्रुक्स, जो आधी नाइट यांच्या इंडियानात होता आणि तिथे जमलं नाही म्हणून निघून आला होता. नियतीचा हा टोमणा मुद्दाम रचल्यासारखा वाटतो. प्रॉव्हिडन्स थेट अंतिम चार संघांत पोचलं.

दुसरा संघ नेवाडा-लास व्हेगास. प्रशिक्षक जेरी टारकेनियन. हंगामभरात एकच पराभव, क्रमवारीत पहिले, दाबून बचाव आणि सुसाट धाव. २८ मार्चच्या शनिवारी उपांत्य फेरीत त्यांची गाठ इंडियानाशी पडली.

त्या सामन्यात लास व्हेगासने ३५ थ्री मारले. फ्रेडी बँक्सने एकट्याने १० टाकले आणि ३८ गुण केले. मार्क वेडने १८ असिस्ट, म्हणजे थेट बास्केट घडवणारे पास, दिले. संघाचे मिळून १३ थ्री, ३९ गुण. इंडियानाने अख्ख्या सामन्यात थ्री घेतले चार, टाकले दोन. सहा गुण.

इंडियाना ९७, लास व्हेगास ९३.

रेषेबाहेर ३३ गुणांनी मागे राहून एखादा संघ जिंकतो कसा? उरलेले गुण मोजा. रेषेच्या आतून आणि फ्री थ्रोमधून इंडियानाचे ९१, लास व्हेगासचे ५४. अल्फर्डने ३३ गुण केले आणि संघाचे थ्री दोनच होते, म्हणजे तो बहुतांशी आतूनच खेळला. नाइट यांनी चेंडू धरून वेळ काढायचा नेहमीचा सल्लाही त्या दिवशी बाजूला ठेवला आणि पळणाऱ्या संघासोबत पळायचं ठरवलं.

या निकालावरून कॉलेजच्या प्रशिक्षकांनी जो धडा घेतला तो माझ्या मते चुकीचा होता. लांबच्या शॉटवर विसंबलेला संघ बाद फेरीत कधी ना कधी तोंडावर आपटतो, हे वाक्य कॉलेज बास्केटबॉलमध्ये नेहमी ऐकू येतं आणि त्याला हा सामना छान दाखला वाटतो. पण ३५ शॉटमध्ये ३९ गुण म्हणजे शॉटमागे १.११. हा वाईट सौदा नाही. थ्रीने त्यांना बुडवलं नाही, उलट सामन्यात टिकवून ठेवलं. ते बुडाले ते रेषेच्या आतल्या बचावात, जिथे त्यांनी फ्री थ्रो धरून ९१ गुण दिले. लांबचा चुकलेला शॉट रिंगला लागून लांबच उडतो, तो समोरच्याच्या हाती पडला की पळत जाऊन सोपा बास्केट होतो, हा धोका खराच. पण त्याचा इलाज परतीच्या बचावात असतो. शॉट न घेण्यात नाही.

प्रॉव्हिडन्सचं दुसऱ्या उपांत्य सामन्यात सिरॅक्यूजपुढे काही चाललं नाही, ७७-६३. त्याविषयी इतकंच पुरे.

शेवटची ३८ सेकंद

सोमवारचा अंतिम सामना. सिरॅक्यूजचे प्रशिक्षक जिम बेहाइम, आत रॉनी सिकली आणि पहिल्या वर्षाचा डेरिक कोलमन हे दोन उंच खांब, गार्ड शेरमन डग्लस. अल्फर्डने रेषेबाहेरून १० पैकी ७ टाकले. रेषेच्या आतून ५ पैकी १. हंगामभराची विसंगती एका रात्रीत गोळा होऊन आल्यासारखी! २३ गुण, त्यातले २१ रेषेबाहेरचे. आता जरा सिरॅक्यूजच्या बाकावर बसून हा सामना पाहा. हा मुलगा बाहेर मोकळा सुटला की तीन गुण जमा. मग एक माणूस फक्त त्याला चिकटवायचा आणि उरलेल्या चौघांनी चौकोनात राहून आतली जागा राखायची. बास्केटबॉलमध्ये याला बॉक्स अँड वन म्हणतात. शेवटच्या चालीत सिरॅक्यूज हाच बचाव लावून उभं होतं.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. सीमारेषेवर माणसं पाठवावी लागली की मधे एकेरी-दुहेरी धावा फुकट मिळतात. चौघांनी चौकोन राखायचा म्हणजे चौघांनी इंडियानाच्या उरलेल्या चार खेळाडूंना सांभाळायचं, आणि त्यांच्यात कीथ स्मार्ट होता. हा ज्युनिअर कॉलेजातून, म्हणजे अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून आलेला. नाइट यांनी त्या वर्षी अशा कॉलेजांतून खेळाडू घेतले, एक स्मार्ट आणि दुसरा सेंटर डीन गॅरेट. स्मार्ट अल्फर्डइतका लांबून मारणारा नव्हता, पण त्याच्या पायांत वेग होता. आणि तो लुईझियानातल्या बॅटन रूजचा, म्हणजे न्यू ऑर्लिन्स त्याच्या घरचंच. इंडियानाच्या शेवटच्या १५ गुणांपैकी १२ त्याने केले, आणि त्यात एकही थ्री नव्हता.

३८ सेकंद उरली असताना सिरॅक्यूजच्या हॉवर्ड ट्रिशने एक फ्री थ्रो टाकून आघाडी ७३-७० केली. इथे रेषेचा खरा परिणाम दिसतो आणि तो स्कोअरशीटवर कुठेच उमटत नाही. आदल्या वर्षापर्यंत तीन गुणांची आघाडी म्हणजे समोरच्याला दोन वेळा चेंडू मिळवणं भाग. आता एकाच शॉटमध्ये बरोबरी. समोर अल्फर्ड असताना रेषा मोकळी सोडणं शक्यच नव्हतं. इंडियानाने थ्री मारलाच नाही. स्मार्टने दोन गुण घेतले, ७३-७२. थ्रीची नुसती भीती पुरली.

इंडियानाने लगेच कोलमनला फाउल केला. २८ सेकंद. नियमाप्रमाणे पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळणार. बेहाइम यांनी आपले बाकीचे खेळाडू फ्री थ्रो रेषेवरून मागे बोलावून घेतले होते, परतीचा हल्ला थोपवायला. कोलमनचा फ्री थ्रो चुकला आणि रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून उडालेल्या चेंडूसाठी, झगडायला सिरॅक्यूजचं कोणी नव्हतं. डॅरिल थॉमसने चेंडू उचलला.

इंडियानाने टाइमआउट घेतला नाही. चेंडू फिरत राहिला, सगळ्यांचे डोळे अल्फर्डवर, डग्लस त्याला चिकटलेला. स्मार्टने चेंडू आत थॉमसला दिला. थॉमसला स्वतः मारता आला असता, पण समोर कोलमन होता. त्याने चेंडू परत स्मार्टकडे सोडला. डाव्या बाजूच्या बेसलाइनजवळून, रेषेच्या सुमारे चार फूट आतून स्मार्टने उडी मारून शॉट घेतला. चारेक सेकंद बाकी. ७४-७३. सिरॅक्यूजला टाइमआउट मिळेपर्यंत घड्याळात एकच सेकंद उरला होता आणि त्यांनी फेकलेला लांब पास स्मार्टनेच पकडला.

तीन गुणांच्या पहिल्या हंगामाचा निकाल दोन गुणांच्या शॉटवर लागला, असं म्हणून कुणी रेषेला किरकोळ ठरवू पाहतं, तेव्हा मला डग्लस कुठे उभा होता ते विचारावंसं वाटतं. सिरॅक्यूजचा सर्वोत्तम गार्ड चेंडूपासून दूर, अल्फर्डच्या छातीला छाती लावून होता. त्याने त्या चालीत चेंडूला हातही लावला नाही, आणि रेषेने त्याला तिथेच उभं करून ठेवलं होतं.

पुढची वर्षं

नाइट यांचं मत बदललं की नाही हा भाग वेगळा, रेषा मात्र राहिली. १९८७-८८ पासून ती महिलांच्या कॉलेज सामन्यांतही आली. पिटिनो आपली कल्पना घेऊन पुढे केंटकीला गेले. डॉनोवन प्रशिक्षक झाला आणि २००६ व २००७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्याने फ्लोरिडा विद्यापीठाला मिळवून दिली. अल्फर्डही प्रशिक्षक झाला. देशाची सरासरी वर्षागणिक चढत गेली. सामन्यामागे ९.२ प्रयत्नांपासून सुरू झालेला आकडा २०१८-१९ मध्ये २२ च्या वर होता. पहिल्या हंगामात सरासरीने सहा शॉटमागे एक थ्रीसुद्धा भरत नव्हता, तिथे आता पाचात जवळपास दोन.

बदल इतका सावकाश का झाला? मला वाटतं, प्रशिक्षक खेळाडू असताना जे शिकतात तेच शिकवतात. रेषेवर वाढलेली मुलं स्वतः प्रशिक्षक व्हायला वीसेक वर्षं लागणारच होती. आणि २८ मार्चच्या त्या सामन्याचा चुकीचा धडाही मधे आडवा आला असावा.

अंतर दोनदा वाढवलं गेलं. २००८-०९ मध्ये पुरुषांची रेषा २० फूट ९ इंचांवर गेली आणि टक्केवारी ३५.२ वरून ३४.४ झाली. नाइट यांनी त्याच्या आधीच्याच मोसमात, फेब्रुवारी २००८ मध्ये ९०२ विजय नावावर ठेवून निवृत्ती घेतली होती. १९ फूट ९ इंचांची रेषा आणि तिचा हा नामवंत विरोधक एकाच वर्षी पुरुषांच्या कॉलेज खेळातून गेले. २०१९-२० मध्ये रेषा आणखी मागे, ६.७५ मीटरवर सरकली. हे आंतरराष्ट्रीय अंतर. २०१० नंतर रंगवलेल्या आपल्याकडच्या कोर्टवरही तेच असतं. नियम समितीने दिलेल्या कारणांत दोन होती: थ्रीचं वाढतं प्रस्थ जरा आवरावं, आणि बचाव पसरून चेंडू घेऊन आत घुसायला वाट मोकळी व्हावी. दुसरं कारण वाचताना स्मार्ट आठवतो.

पहिल्या वर्षी टक्केवारी ३३.३ वर उतरली. हा आकडा योगायोगाने नेमका समतोलाचा आहे. एक तृतीयांश थ्री पडणं म्हणजे दोन गुणांचे निम्मे शॉट पडणं, दोन्हीकडे शॉटमागे एकच गुण. तरी संघांनी थ्री सोडले नाहीत. प्रमाण थोडंसं खाली आलं, एवढंच. बचाव पसरवण्याची किंमत त्या एका गुणात मोजली जात नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

कोविडमुळे २०२० ची राष्ट्रीय स्पर्धा झालीच नाही. नव्या अंतरावरचं पहिलं विजेतेपद ठरलं ५ एप्रिल २०२१ रोजी, आणि तेही इंडियानापोलिसमध्ये. बेलर विद्यापीठाने त्या हंगामात ४१.३ टक्के थ्री टाकले होते, देशात सर्वाधिक टक्केवारी. समोर ३१ सामने न हरलेलं गोंझागा. बेलरने २३ पैकी १० थ्री टाकले आणि सामना ८६-७० असा एकतर्फी झाला.